घनसत्त्वे आणि घरगुती लेप : मात्रा, माध्यम व मर्यादा

प्रस्तावना

वनस्पतींची घनसत्त्वे, ज्यांना व्यवहारात आपण ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतो, ती पूर्वी केवळ औषधनिर्मिती कारखान्यांच्या उपयोगाची वस्तू होती. गेल्या दोन दशकांत ती औषधालयांच्या मांडणीवर आली आणि तेथून सरळ घराघरांत पोहोचली. मंजिष्ठा, यष्टिमधु, हरिद्रा, बाकुची, निंब यांची सत्त्वे पन्नास व शंभर ग्रॅमच्या पुड्यांतून सहज मिळतात. ती दह्यात, गुलाबपाण्यात, कोरफडीच्या गरात कालवून चेहऱ्यास लावण्याची पद्धत शहरांप्रमाणे खेड्यांतही रूढ झाली आहे. रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या पिशवीत अशी एखादी पुडी असतेच. पुष्कळदा ती आपणच लिहून दिलेल्या औषधाच्या नावाने घेतलेली असते.

या द्रव्यांना सरसकट नाके मुरडणे योग्य नाही, आणि चूर्णाच्या जागी ती डोळे झाकून देणेही योग्य नाही. सत्त्व म्हणजे बारीक दळलेले चूर्ण नव्हे. ते स्वतंत्र कल्पना आहे. त्याची मात्रा निराळी, माध्यम निराळे आणि टिकण्याचे नियमही निराळे. हा भेद वैद्याच्या चिठ्ठीत व विक्रेत्याच्या काट्यावर पाळला गेला नाही, तर त्याची किंमत रुग्णाच्या त्वचेला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या विषयाचा शास्त्र, गणित आणि व्यवहार अशा तीन अंगांनी विचार करावयाचा आहे. त्यापूर्वी माझ्या स्वतःच्या चुकीची एक नोंद देणे मला अगत्याचे वाटते.

एक रुग्णानुभव

माझा व्यवसाय महाड तालुक्यातील तळीये परिसरात आहे. २२ जुलै २०२१ रोजी कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. एरवी हा भाग भातशेतीचा आणि मुंबईस नोकरीला असलेल्या चाकरमान्यांचा आहे. गावातील औषधांची, विशेषतः नव्या औषधांची खरेदी बहुधा मुंबईतील नातलगांमार्फत होते.

काही वर्षांपूर्वी विवाहयोग्य वयाची एक मुलगी डाव्या मनगटावरील रुपयाएवढ्या श्वेत डागाची तक्रार घेऊन आली. श्वित्राचे निदान करून पोटातील चिकित्सेबरोबर शोधित बाकुचीचा लेप सुचविला. गोमूत्रात कालवून डागापुरताच लावावा, कोवळ्या उन्हात मोजकी मिनिटे बसावे व लगेच धुऊन टाकावे, असे तोंडी सांगितले. तीन महिन्यांत डागाच्या कडेने रंगाचे ठिपके दिसू लागले होते. घरच्यांना उतावीळ होती, कारण स्थळे येऊ लागली होती.

ऑक्टोबरात भातकापणीच्या दिवसांत मुलीचे वडील व मामा तिला घेऊन आले. मनगटापासून हाताच्या पाठीपर्यंत मोठाले फोड, भोवती लाली आणि असह्य दाह. मामांनी पुडी पुढे केली. “डाक्टर, औषध तुमचंच हाय, फक्त जरा भारीतलं आणलंय.” पुडीवर बाकुचीच्या घनसत्त्वाचे नाव व १०:१ असा आकडा होता. चूर्णाचा जो चमचा ठरला होता, त्याच चमच्याने सत्त्व घेतले होते. एकदाच पाण्यात कालवून ते तीन दिवस पुरविले होते, आणि लेप पुरता न धुता मुलगी दिवसभर कापणीच्या उन्हात उभी होती.

उन्हापासून पूर्ण संरक्षण, थंड पाण्याच्या घड्या व न फुटलेल्या भागावर शतधौत घृत अशी तात्काळ योजना केली. काही फोड फुटून पूयाची लक्षणे दिसत असल्याने त्याच दिवशी महाडच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. व्रण तीन आठवड्यांत भरले. परंतु जागी गडद काळेपणा राहिला, आणि फोडांच्या कडेने दोन नवे श्वेत डाग उमटले. श्वित्राच्या रुग्णात त्वचेला इजा झाली की त्या जागी नवा डाग उठू शकतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

त्या दिवशी मी माझी जुनी चिठ्ठी काढून पाहिली. तीवर केवळ ‘बाकुची लेपासाठी’ असे लिहिलेले होते. चूर्ण की सत्त्व, ग्रॅम किती, किती वेळ, ताजा की साठविलेला, यांपैकी काहीही कागदावर नव्हते. मामांनी दुसरे औषध आणले नव्हते; मी लिहिलेलेच नाव त्यांनी दुकानात दाखविले होते. म्हणून ही चूक प्रथम माझी होती असे मी मानतो.

घनकल्पना आपल्या परंपरेत

सत्त्वे म्हणजे काही परकीय वस्तू आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. क्वाथ पुन्हा आटवून घट्ट केला की ती रसक्रिया, अशी व्याख्या शार्ङ्गधराने दिली आहे. दारुहरिद्रेच्या क्वाथात बकरीचे दूध घालून आटविलेले रसांजन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. कोरफडीच्या पानातील पिवळा चीक वाळवून केलेला काळा बोळ आजही कोकणात मुक्या मारावर व सुजेवर उगाळून लावतात.

आपल्या रायगड जिल्ह्याला तर या कल्पनेचा इतिहासच आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो काढा आटवून, थिजवून कात पाडणे हा ज्या समाजाचा परंपरागत व्यवसाय, त्याचे नावच कातकरी पडले. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर हा समाज आजही राहतो, जरी काताचा व्यवसाय त्याच्या हातून केव्हाच सुटला असला तरी. कात म्हणजे खदिराचे घनसत्त्व होय. आता व्यवहार पाहा. कोणतीही आजी खैराच्या सालीचा काढा वाटीभर देईल, पण कात देताना चिमूटभरच देईल. विड्यात जास्त कात पडला तर तोंड तुरट होते, हे लहान मुलालाही कळते. घन द्रव्याची मात्रा सौम्य द्रव्याहून वेगळी असते, हे ज्ञान घरात होते. काताला ते जसे लागू, तसेच पुडीतील सत्त्वालाही लागू आहे. केवळ पुडीतील भुकटी चूर्णासारखी दिसते, म्हणून आपली फसगत होते.

पुडीवरील आकड्यांचा अर्थ

सत्त्वाच्या वेष्टनावर साधारणतः दोन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

पहिला प्रकार गुणोत्तराचा. १०:१ म्हणजे दहा किलो शुष्क द्रव्यापासून एक किलो सत्त्व तयार झाले. म्हणून एक ग्रॅम सत्त्व स्थूलमानाने दहा ग्रॅम मूळ द्रव्याचे प्रतिनिधित्व करते. ज्या वैद्यांच्या येथे घनवटी वा घन तयार होतो, त्यांनी स्वतःचे गुणोत्तर स्वतः काढावे. एक किलो भरडीपासून १५० ग्रॅम शुष्क घन मिळाले, तर गुणोत्तर सुमारे ६.७:१ होते. हे प्रत्येक खेपेस नोंदवून ठेवावे, कारण ऋतू, साठवण व द्रव्याचे वय यांनुसार ते बदलते.

दुसरा प्रकार घटकाच्या टक्केवारीचा. उदाहरणार्थ, ‘९५ टक्के कर्क्युमिन’. चांगल्या हळदीत कर्क्युमिनवर्गीय घटक साधारणतः दोन ते पाच टक्के असतात. तीन टक्के धरले तर तीन ग्रॅम हळदीत हा घटक सुमारे ९० मिलिग्रॅम येतो. तितक्याच तीन ग्रॅम ९५ टक्क्यांच्या सत्त्वात तो २८५० मिलिग्रॅम येतो, म्हणजे तीसपटीहून अधिक. शिवाय अशा शुद्ध घटकात हळदीचे उडनशील तेल व इतर अंश जवळजवळ नसतात. तेव्हा ती ‘जोरदार हळद’ नसून हळदीचा एक अंश आहे. ग्रंथोक्त हरिद्रेचे सर्व गुण त्यास चिकटविणे शास्त्रास धरून होणार नाही.

याशिवाय तीन गोष्टी पाहाव्यात.

१. द्रावक : पाण्याने काढलेल्या व अल्कोहोलने काढलेल्या सत्त्वात निराळे घटक उतरतात. यष्टिमधूतील ग्लायसिरायझिन पाण्यात उतरते आणि दाहशमनास उपयोगी पडते. वर्णासाठी ज्याची प्रसिद्धी केली जाते ते ग्लाब्रिडिन मात्र पाण्यात जवळजवळ उतरत नाही. एकाच नावाच्या दोन पुड्या दोन वेगळी औषधे असू शकतात.

२. वाहक : फवारून वाळविलेल्या सत्त्वांत माल्टोडेक्स्ट्रिनसारखा पिठूळ पदार्थ मिसळलेला असतो. त्याचे प्रमाण कळल्याशिवाय गुणोत्तराला अर्थ राहत नाही.

३. खेप क्रमांक, निर्मिती व मुदतसमाप्तीचा महिना, निर्मात्याचा परवाना क्रमांक आणि विश्लेषण प्रमाणपत्र. यांपैकी काही नसेल तर तो माल रुग्णाच्या त्वचेसाठी नाही, असे समजावे.

मात्रेचे रूपांतर

चिकित्सकाने चूर्णाचा नेहमीचा योग डोळ्यांसमोर ठेवून सत्त्वाची मात्रा काढावी. एक सोपे उदाहरण घेऊ. मुखलेपाचा १० ग्रॅमचा योग असा आहे : मंजिष्ठा ३ ग्रॅम, यष्टिमधु ३ ग्रॅम, लोध्र ३ ग्रॅम, हरिद्रा १ ग्रॅम. विक्रेत्याकडे मंजिष्ठा सत्त्व १०:१ व यष्टिमधु सत्त्व ५:१ उपलब्ध आहे. तेव्हा,

मंजिष्ठा ३ ग्रॅम ÷ १० = ०.३ ग्रॅम सत्त्व
यष्टिमधु ३ ग्रॅम ÷ ५ = ०.६ ग्रॅम सत्त्व

सहा ग्रॅम चूर्णाची जागा ०.९ ग्रॅम सत्त्वाने घेतली. उरलेले ५.१ ग्रॅम मसुराच्या पिठाने भरून काढावेत. लोध्र व हरिद्रा चूर्णरूपातच ठेवावीत. अशा रीतीने लेपाचे एकूण वजन १० ग्रॅमच राहते आणि रुग्णाच्या हातात पूर्वीइतकीच ताकद पडते. भरण्याचे पीठ वगळून दहाही ग्रॅम सत्त्वाचेच दिले तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

या कामी चमचा हे माप वर्ज्य समजावे. चमचाभर सत्त्वाचे वजन त्याच्या बारीकपणावर व ओलाव्यावर अवलंबून असते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखविणारा छोटा काटा आज अल्प किमतीत मिळतो, तो प्रत्येक औषधालयात असावा. रुग्णाला सुटे सत्त्व न देता, पिठात मिसळून एका वेळेच्या पुड्या बांधून देणे सर्वांत सुरक्षित होय.

सुगंधी तेलांनाही हाच न्याय लागू आहे. लवंग, दालचिनी, निलगिरी यांची तेले ही अतिघन द्रव्ये आहेत. साधारण ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरले, तर १०० मिलिलिटर तिळतेलात वीस थेंब म्हणजे एक टक्का. चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का ही मर्यादा पुरेशी आहे. दालचिनीचे तेल चेहऱ्यासाठी न वापरलेले बरे, कारण त्याने संवेदनशीलता उत्पन्न होण्याचा संभव फार.

माध्यम व टिकाऊपणा

आता लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. चूर्ण व सत्त्व कोरडे असेपर्यंत बहुधा स्थिर असते. त्यात पाणी पडले की ते अन्न होते. आपले नव्हे, तर जीवाणूंचे व बुरशीचे. सत्त्वातील शर्करा, पिष्ट व वाहक पदार्थ यांवर ते झपाट्याने वाढतात. कोरफडीचा ताजा गर, दही, गुलाबपाणी, काकडीचा रस ही सर्व माध्यमे याच वर्गातील.

येथे सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेले आलेपनाचे नियम पुन्हा वाचावेत. शिळा लेप कधीही लावू नये; एका लेपावर दुसरा लेप चढवू नये; उतरलेला लेप पुन्हा वापरू नये; रात्री लेप लावू नये; आणि पीडन अभिप्रेत असल्याखेरीज वाळत चाललेल्या लेपाची उपेक्षा करू नये. शार्ङ्गधरानेही ओला लेप व्याधिहर व सुकलेला लेप कांतीस दूषित करणारा असे म्हटले आहे. हे नियम ज्या काळी लिहिले त्या काळी सूक्ष्मजंतूंचे नाव ठाऊक नव्हते, तरी अनुभव पक्का होता. वाटीतील सत्त्वाचा लेप शीतकपाटात ठेवून आठवडाभर लावणे ही पद्धत आधुनिक नाही. ती आचार्यांनी निषिद्ध ठरविलेल्या पर्युषित लेपाचीच नवी आवृत्ती आहे.

आपल्या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात चामड्याच्या चपलेवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी चढते, तेथे ओला लेप किती टिकणार? बहुतेक सत्त्वे हवेतील ओलावा ओढून घेतात. जूनमध्ये उघडलेल्या पुडीचा ऑगस्टमध्ये दगड झालेला मी पाहिला आहे. असा गोळा फोडून, वाळवून वापरण्याचा मोह टाळावा. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत हीन होते असे सांगितले आहे. पावसाळ्यात उघडलेल्या सत्त्वालाही घरगुती वापरासाठी तीच मर्यादा घालावी, असे माझे मत आहे.

काही गैरसमज या ठिकाणी दूर करणे आवश्यक आहे. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल मिसळल्याने तेल खवट होणे लांबते, परंतु पाण्यातील जीवाणू मरत नाहीत. निंब व हरिद्रा जंतुघ्न आहेत म्हणून त्यांचा लेप आपोआप टिकेल, हेही खरे नाही. सोडियम बेन्झोएटसारखे परिरक्षक अम्लता योग्य नसल्यास निष्प्रभ ठरते. परिरक्षकाची योजना व त्याची परीक्षा हे प्रयोगशाळेचे काम आहे, स्वयंपाकघराचे नव्हे.

मग घरगुती उपयोगासाठी कोणते माध्यम निवडावे? माझ्या मते तीनच.

(अ) एका वेळेचा ताजा लेप : कोरडी पुडी वेळेवर पाण्यात वा दुधात कालवून लगेच लावावी, ओली असतानाच धुवावी, उरलेली टाकून द्यावी.

(आ) सिद्ध तेल वा घृत : कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग या मानाने सिद्ध केलेल्या स्नेहात पाण्याचा अंश राहत नाही. वात तेलात भिजवून पेटविली असता तडतड न होणे ही जुनी परीक्षा म्हणजे ओलाव्याचीच परीक्षा होय. ओलावा नाही म्हणून तो महिनोन् महिने टिकतो. येथे हेही ध्यानात ठेवावे की पाण्यात विरघळणारे सत्त्व तयार तेलात नुसते ढवळून विरघळत नाही. ते तळाशी बसते, आणि बाटलीच्या शेवटच्या चमच्यात सारी मात्रा एकवटते.

(इ) मेण व कोकमतेल यांचे मलम : कोकमाच्या बियांचे तेल आपल्याकडे घरोघर टाचांच्या भेगांसाठी असते. ते थंडीत घट्ट राहते व अंगाच्या उष्णतेने मऊ होते. तिळतेल, मधमाशीचे मेण व कोकमतेल यांच्या आधाराने केलेले निर्जल मलम टिकाऊ असते. मात्र त्यात घालावयाचे द्रव्य तेलात उतरणारे असावे.

विशेष सावधगिरीची द्रव्ये

बाकुची : बियांतील सोरालेनसारखे घटक त्वचेत मुरून सूर्याच्या अतिनील किरणांनी उद्दीपित होतात. फोड लगेच येत नाहीत. ते एक-दोन दिवसांनी उठतात, त्यामुळे रुग्णाला कारण उमगत नाही. सौंदर्यप्रसाधनांत प्रसिद्ध झालेले शुद्ध बाकुचिऑल व बाकुचीचे सबंध सत्त्व किंवा तेल यांची गल्लत कदापि करू नये. पहिल्यात सोरालेन काढून टाकलेले असते, दुसऱ्यात ते एकवटलेले असते. माझ्या मते बाकुचीचे सत्त्व घरगुती मिश्रणासाठी देऊच नये.

भल्लातक : बिब्ब्याच्या चिकाने धोब्यांच्या खुणेच्या जागी उठणारे चट्टे जुन्या वैद्यांना परिचित होते. काजूच्या टरफलाचे तेल त्याच कुळातील, आणि कोकणात त्याने भाजलेले हात आपण नित्य पाहतो. ज्याला एकाचा त्रास त्याला दुसऱ्याचा संभव असतो. हा इतिहास अवश्य विचारावा.

लिंबू : सालीच्या तेलातील व रसातील काही घटक बाकुचीप्रमाणेच उन्हात प्रतिक्रिया देतात. लिंबू व सत्त्व यांचे मिश्रण लावून शेतावर जाणे धोक्याचे.

कोरफड : गर वेगळा व सालीखालील पिवळा चीक वेगळा. गर काढताना पान उभे ठेवून चीक पूर्ण निथळू द्यावा, अन्यथा खाज व पुरळ येते.

हरिद्रा सत्त्व : पाण्यात विरघळत नाही, डाग दीर्घकाळ राहतो, आणि क्वचित स्पर्शजन्य विचर्चिका उत्पन्न करते. लेपासाठी साधी हळदच श्रेष्ठ.

सहत्व परीक्षा

कोणताही सत्त्वयुक्त योग प्रथम चेहऱ्यास लावू नये. कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागी, नेहमीच्याच मात्रेत व नेहमीच्याच वेळेपुरता, दिवसातून दोनदा याप्रमाणे सात दिवस लावून पाहावा. एकदाच लावून दहा मिनिटांत काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण संवेदनशीलतेची प्रतिक्रिया दोन ते चार दिवसांनीही येते. खाज, लाली, बारीक फोड यांपैकी काहीही दिसल्यास तो योग त्या रुग्णासाठी वर्ज्य. गर्भिणी, लहान मुले, फुटलेली त्वचा आणि प्रकाशसंवेदनशीलता वाढविणारी आधुनिक औषधे घेणारे रुग्ण यांना सत्त्वयुक्त घरगुती लेप देऊ नयेत.

औषधविक्रेत्यांसाठी व कायद्याविषयी

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करण्यास परवान्यातून सूट आहे. परंतु तोच लेप डब्यांत भरून, नाव छापून, येणाऱ्या-जाणाऱ्यास विकणे या सुटीत बसत नाही. त्यास निर्मिती परवाना लागतो. २०१० साली नियमांत आलेल्या १५८-ब मध्ये औषधी घन व सौंदर्यप्रसादक योग यांच्या परवान्याविषयी स्वतंत्र तरतुदी आहेत. परवाना घेऊ इच्छिणाऱ्या बंधूंनी त्या मुळातून वाचाव्यात. श्वित्र हा रोग १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीत आहे. म्हणून दुकानावर ‘पांढऱ्या डागांवर खात्रीशीर लेप’ अशी पाटी लावणे हा गुन्हा ठरतो.

दुसरा धोका भेसळीचा. चेहरा झपाट्याने उजळविणाऱ्या, वनौषधींच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या सुट्या मलमांत स्टेरॉइड वा पारा आढळल्याची प्रकरणे वारंवार पुढे आली आहेत. २०२३ साली अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा होऊन तिचे मूळ पारायुक्त क्रीममध्ये सापडल्याचे वृत्त आपण सर्वांनी वाचले आहे. आठ दिवसांत उजळपणा देणारी पुडी वा मलम आपल्या मांडणीवर असेल तर ते आधी उतरवावे आणि मग चौकशी करावी.

विक्रेत्याने एवढे तरी पाळावे : चिठ्ठीवर चूर्ण लिहिले असता सत्त्व देऊ नये, नुसते द्रव्याचे नाव लिहिले असता चूर्णच समजावे व शंका आल्यास वैद्यास दूरध्वनी करावा, सत्त्व सुटे बांधून न देता मूळ वेष्टनात वा मात्रेच्या पुड्यांत द्यावे, पुडीवर गुणोत्तर, तारीख आणि ‘ताजे कालवा, उरलेले टाका’ ही सूचना मराठीत लिहावी.

सारांश

सत्त्वांचे लाभ आहेत. मात्रा नेमकी ठरविता येते, पुडी लहान होते, दर्जेदार निर्मात्याचे सत्त्व खेपेगणिक समान मिळते. परंतु ते लाभ मोजणाऱ्यालाच मिळतात. म्हणून वैद्याने चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहाव्यात : कल्पना (चूर्ण, सत्त्व वा तेल), गुणोत्तर, ग्रॅममधील मात्रा, माध्यम आणि लेप ठेवण्याचा कालावधी. बाकुचीसारख्या द्रव्यात सहावी गोष्ट उन्हाची. या सहा ओळी लिहिण्यास एक मिनिट लागते.

त्या मुलीच्या मनगटावरील काळेपणा पुढे वर्षभरात पुष्कळ कमी झाला. नव्या डागांची चिकित्सा तज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू राहिली. आजही तिचे घरचे लोक माझ्याकडेच येतात, आणि तिच्या आईने एकदाही मला दोष दिला नाही. परंतु त्या दिवसापासून माझ्या चिठ्ठीवर नुसते द्रव्याचे नाव लिहिले गेलेले नाही. वाचक वैद्यांनी ही सवय कोणाच्या त्वचेला इजा होण्याआधीच लावून घ्यावी, एवढीच विनंती आहे.